व्हॉल्यूमचा स्लायडर अर्ध्यावर, आवाज मात्र अर्धा नाही

२०१७ साली प्रोग्रामर मंडळींमध्ये एक भन्नाट खेळ रंगला होता, जगातला सगळ्यात वाईट व्हॉल्यूम कंट्रोल कोण बनवतो बघू. एकाने चक्क गलोल केली, म्हणजे स्पीकरचं चित्र दाबून धरायचं, जितका वेळ धराल तितकं ते ताणलं जाणार, आणि सोडलं की त्यातून एक गोळी उडून स्लायडरवर कुठेतरी पडणार, पडली तिथे तुमचा व्हॉल्यूम. दुसऱ्या एकाने पट्टीच सीसॉसारखी तिरकी होईल अशी केली, वरचं बटण घरंगळत जातं आणि नेमक्या जागी थांबवायला पट्टी पटकन सरळ करावी लागते. मी हे बघून पोट दुखेपर्यंत हसलो.

त्याच रात्री हेडफोन लावून एक व्याख्यान ऐकत होतो. वेबसाइटवरच्या प्लेयरचा आवाज जरा जास्त वाटला म्हणून स्लायडर खाली ओढला, तर काहीच फरक नाही, अजून ओढला, किंचित फरक, अजून ओढला आणि एकदम गायब. हवा होता तो आवाज त्या पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला, दोन-चार पिक्सेलांमध्ये कुठेतरी लपलेला होता आणि मी माउस धरून नेम लावत बसलो होतो. म्हणजे गलोलच की ही! फरक एवढाच की ही कुणी मुद्दाम केलेली नव्हती.

असं का होतं हे कळायला आधी कानाचा हिशोब बघावा लागतो. कान बेरीज-वजाबाकी करत नाही, तो पट मोजतो. शांत खोलीत टाचणी पडली तर ऐकू येते पण वर्दळीत कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, कारण कानाला किती वाढलं याच्याशी फारसं घेणं नाही, आधी होतं त्याच्या किती पट झालं हे त्याला कळतं. गुस्टाव फेखनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० साली आपल्या संवेदनांबद्दल हेच गणितात मांडलं, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या पण गाभा टिकला. आणि कानाला हे करावंच लागतं, कारण जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या तीव्रतेत जवळजवळ एक लाख कोटी पटींचा फरक असतो. एवढा पल्ला सरळ फूटपट्टीवर मावणारच नाही.

म्हणून डेसिबल आलं. १९२० च्या दशकात बेल टेलिफोनच्या इंजिनिअरांना लांबच्या तारेत आवाज किती मरतो हे मोजायचं होतं, त्यासाठी त्यांनी हे पटींचं माप काढलं आणि त्याला अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या नावावरून नाव दिलं. ढोबळमानाने एक डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, आणि १० डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो.

आता तो प्लेयर घ्या. बनवणाऱ्याने सगळ्यात सोपं काम केलं, स्लायडर ० ते १ च्या मध्ये जो आकडा देतो त्याने सिग्नलला थेट गुणलं. कागदावर एकदम बरोबर दिसतं. पण स्लायडर अर्ध्यावर आणला की सिग्नल अर्धा, म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी, आणि कानाला तो आवाज अजून दोन तृतीयांश तरी वाटतो. याहून गंमत पुढे आहे. पट्टीच्या १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ अख्ख्या पट्टीवर मिळून २० डेसिबल, आणि १ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंतच्या चिमूटभर जागेतसुद्धा तेवढेच २० डेसिबल, कारण दोन्हीकडे सिग्नल दहापटच होतो! रात्री हळू ऐकायचं असेल तर तुमचं सगळं जग त्या चिमटीत.

मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हा प्रश्न जुन्या रेडिओवाल्यांनी कधीच सोडवून ठेवला होता. जुन्या रेडिओच्या नॉबमागे पोटेन्शिओमीटर असतो, मेकॅनिक लोक त्याला नुसतं पॉट म्हणतात. आत कार्बनचा गोलाकार पट्टा आणि त्यावरून सरकणारा एक संपर्क, बस. व्हॉल्यूमसाठी बनवलेल्या पॉटमध्ये रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सारख्या वेगाने बदलत नाही, नॉब मध्यावर आला तरी संपर्क रोधाच्या साधारण १० ते २० टक्क्यांपर्यंतच पोचलेला असतो, उरलेलं सगळं पुढच्या अर्ध्या फेरीत. म्हणजे कानाची वक्ररेषा त्यांनी कार्बनमध्येच ओतली. खरी लॉगरिदमिक, म्हणजे पटींच्या हिशोबाची, वक्ररेषा पट्ट्यावर उतरवणं महाग आणि कटकटीचं, म्हणून बहुतेक स्वस्त पॉटमध्ये दोन वेगवेगळ्या रोधाचे सरळ तुकडे जोडून काम भागवतात, आणि कान ते चालवून घेतो. आजकाल बहुतेक पॉटवर 'ए' लिहिलेलं असेल तर तो ऑडिओचा आणि 'बी' म्हणजे सरळ, लिनियर. काही जुन्या युरोपियन पॉटवर मात्र 'ए' म्हणजेच लिनियर, त्यामुळे जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना नुसत्या अक्षरावर विश्वास ठेवून पॉट बदलला तर नॉब जरासा फिरवताच आवाज अंगावर येतो.

या पॉटच्या स्वतःच्याही खोड्या आहेत. कार्बन झिजला किंवा धूळ बसली की फिरवताना खरखर येते, ती ऐकली नाही असा माणूस विरळा. स्टीरिओमध्ये एकाच दांड्यावर दोन पॉट बसवतात, डाव्या-उजव्या कानाला एकेक, आणि ते दोन पट्टे तंतोतंत सारखे कधीच नसतात, विशेषतः सुरुवातीच्या भागात. म्हणून अगदी हळू आवाजात गाणं एका बाजूला कललेलं वाटतं आणि नॉब थोडा वाढवला की गायक पुन्हा मधे येऊन उभा राहतो.

नॉबवरचे आकडे हा तर मजेचाच विषय. ० ते १० लिहिलेलं असतं पण १० म्हणजे १० काय? काहीच नाही, नुसतं शेवटचं टोक. १९८४ च्या एका विनोदी सिनेमात गिटारवादक अभिमानाने सांगतो की आमच्या ॲम्प्लिफायरचा नॉब ११ पर्यंत जातो, म्हणजे इतरांपेक्षा एकने मोठा, आणि मग १० लाच जास्त मोठं का नाही केलं या साध्या प्रश्नावर तो गडबडतो. हा विनोद लोकांनी इतका डोक्यावर घेतला की बीबीसीच्या आयप्लेयरमध्ये आणि टेस्लाच्या गाड्यांमध्ये व्हॉल्यूम मुद्दाम ११ पर्यंत ठेवला. यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या गिटार ॲम्प्लिफायरांवर नॉब आधीपासूनच १२ पर्यंत होते, सिनेमा यायच्या तीस वर्षं आधी!

याच्या उलट होम थिएटरचे रिसीव्हर. तिथे आवाज वाढवला की उणे ५०, उणे ४०, उणे ३० असं दिसतं आणि नवा माणूस चक्रावतो. पण हा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे, थिएटरच्या ठरलेल्या पातळीला शून्य मानलंय आणि तुम्ही तिच्या किती डेसिबल खाली आहात ते सांगितलंय. रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या मिक्सरवरही असंच, शून्य साधारण वरच्या पाव भागाजवळ आणि सगळ्यात खाली उणे अनंत. संपूर्ण शांततेला डेसिबलमध्ये दुसरा आकडाच नाही.

मोबाइलमध्ये पायऱ्या आल्या, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मीडियासाठी १५, आयफोनमध्ये १६. साठेक डेसिबलचा पल्ला पंधरात वाटला तर एकेक पायरी ४ डेसिबलची होते, म्हणूनच रात्री एक पायरी कमी आणि पुढची जास्त असं होत राहतं. मॅकवर ऑप्शन आणि शिफ्ट दाबून व्हॉल्यूमचं बटण दाबलं तर पाव पायरी सरकते, ही सोय माहीत नसेल तर आजच करून बघा.

आणि हे सगळे कंट्रोल एकावर एक बसतात ना, तिथे खरा गोंधळ. वेबसाइटचा स्लायडर, ब्राउझरचा, सिस्टिमचा, वर ब्लूटूथ स्पीकरचा स्वतःचा, सगळ्यांचा गुणाकार होतो, त्यामुळे आवाज कमी का येतोय हे शोधायला चार ठिकाणी बघावं लागतं. लिनक्सवर आवाजाचा कारभार बघणाऱ्या पल्सऑडिओ या सॉफ्टवेअरच्या लोकांनी यावर उपाय म्हणून एक कल्पना आणली की ज्या ॲपचा आवाज सगळ्यात मोठा तोच मुख्य व्हॉल्यूम धरायचा. कल्पना सुंदर होती, पण मग एखाद्या ॲपने स्वतःला १०० टक्क्यांवर नेलं की अख्खा कॉम्प्युटर १०० टक्क्यांवर, आणि हेडफोन लावलेल्याचं काय होत असेल विचार करा. उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराने तर ते बंद करूनच दिलं.

पण याच पल्सऑडिओने एक गोष्ट फार चांगली केली, स्लायडरचा आकडा थेट न वापरता त्याचा घन घेतला. मी स्वतःच्या वापरासाठी एक छोटा प्लेयर लिहिलाय, त्यात तोपर्यंत मीही थेट गुणाकारच केला होता. आधी चौथा घात करून बघितला, बरेच जण तोच सुचवतात, पण त्यात अर्ध्यावर आवाज २४ डेसिबल खाली जातो आणि मला तो फारच दबलेला वाटला. घनाला अर्ध्यावर १८. शिवाय शून्याचा घन शून्यच, त्यामुळे स्लायडर तळाला गेला की पूर्ण शांत, त्यासाठी वेगळा कोड लिहायला नको. एका ओळीचा बदल. रात्री मी ऐकतो तो आवाज आता पट्टीच्या पहिल्या पाव भागापाशी येतो, पावचा घन म्हणजे १/६४, म्हणजे ३६ डेसिबल खाली. आधी हाच आवाज १०० पिक्सेलच्या पट्टीवर दुसऱ्या पिक्सेलला होता.