समुद्रातला रोबो आणि आपला मामा तलाव

समुद्रावर तरंगणारं तपकिरी शैवाल तोंडात घेऊन पाण्याखाली बुडी मारणाऱ्या रोबोचा व्हिडिओ सध्या आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. त्याखाली एकच मागणी असते : असा एक रोबो आपल्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावात सोडा, हिरवा थर साफ होईल. मागणी रास्त आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की या थराचा वास गावात येतो आणि ढीवर बांधवांची जाळी शेवाळानं जड होतात. पण तो रोबो ज्या युक्तीवर चालतो, ती आपल्या तलावात चालणार नाही. कारण मोठं सुंदर आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

व्हिडिओतलं शैवाल म्हणजे सरगॅसम. २०११ पासून अटलांटिक महासागरात त्याचा प्रचंड पट्टा तयार होऊ लागला. जून २०१८ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्याचं वजन २ कोटी टनांच्या वर होतं. खोल समुद्रात हेच शैवाल माशांना आणि कासवांच्या पिल्लांना आसरा देतं. किनाऱ्याला लागलं की मात्र ते कुजतं आणि त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. त्यात आर्सेनिकही असतं, त्यामुळे सरळ खत म्हणून शेतात टाकायचीही सोय नाही. म्हणून ते किनाऱ्याआधीच गोळा करायचे प्रयत्न चालू आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताकात मच्छीमारांच्याच बोटींना गोळा करणारं यंत्र जोडलं गेलं. ‘सीवीड जनरेशन’ या ब्रिटिश कंपनीचा ‘अल्गारे’ हा रोबो मात्र शैवाल किनाऱ्यावर आणतच नाही, तो ते खाली नेऊन सोडतो.

सोडलेलं शैवाल परत वर का येत नाही? सरगॅसमच्या फांद्यांवर तुरीच्या दाण्याएवढे गोल फुगे असतात. झाड स्वतः पाण्यापेक्षा जड असतं. त्याला वर धरून ठेवतात ते हे वायूने भरलेले फुगे. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. १३५ मीटरवर एकूण दाब साडेचौदा वातावरणांचा होतो. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम लावला, तर पृष्ठभागावर १०० घनसेंटिमीटर असलेला वायू तिथे जेमतेम ७ घनसेंटिमीटर उरतो. फुग्यांची भिंत थोडी ताठ असल्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो, पण शेवटी ती चेपतेच. कंपनी याच खोलीचा आकडा सांगते. एकदा का शैवाल पाण्यापेक्षा जड झालं, की ते खाली जातं. खाली दाब आणखी जास्त, म्हणून ते आणखी चेपतं. इथून पुढे रोबोला काहीच करावं लागत नाही.

अडचणीही आहेत. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी शिरत नाहीत, जीपीएस चालत नाही, म्हणून आपण नेमके कुठे आहोत हे पाहायला रोबोला वर यावं लागतं. आणि ‘शैवालानं शोषलेला कार्बन कायमचा गाडला’ म्हणून त्यावर जो बाजार उभा राहतो आहे, त्याबद्दल मी सावधच राहीन. इतका सेंद्रिय माल तळाशी कुजला तर तिथला प्राणवायू खर्च होणारच.

आता आपला तलाव. त्यावरचा रंग सांडल्यासारखा हिरवा थर बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवालाचा असतो. (हिरव्या धाग्यांचं शेवाळ वेगळं, ते स्वतःच सोडलेल्या प्राणवायूच्या बुडबुड्यांवर वर येतं.) मायक्रोसिस्टिसच्या पेशीतही वायूच्या पोकळ्या असतात, पण त्या फुगे नव्हेत. प्रत्येक पोकळी म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली प्रथिनाची नळी, रुंदी सुमारे ७० नॅनोमीटर, भिंत फक्त २ नॅनोमीटर. वायू या भिंतीतून सहज आत-बाहेर जातो. म्हणजे आतला वायू नळीला फुगवून धरत नाही, भिंतीचा ताठपणाच तिला उभी ठेवतो. आतली बाजू पाण्याला झिडकारणारी असल्यामुळे पाण्याचा थेंब आत धरू शकत नाही. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की नळी एकदम चपटी होते आणि पुन्हा उभी राहत नाही. पेशीला नवी नळी बांधावी लागते. मर्यादा गाठण्यात पेशीच्या आतल्या रसाचाही दाब धरावा लागतो. मायक्रोसिस्टिसमध्ये ती साधारण साडेसहा ते अकरा वातावरणांच्या दरम्यान असते.

हाइनरिश क्लेबान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये हे एका बाटलीत दाखवलं होतं. शैवालाचं पाणी काठोकाठ भरलं, बूच बसवलं आणि बुचावर हातोडा मारला. त्या क्षणिक दाबानं पोकळ्या मोडल्या, आणि तरंगणारं शैवाल तळाशी जाऊन बसलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी हातमोजे घालून हाच प्रयोग सुई नसलेल्या २ मिलीच्या सिरिंजने करून पाहावा : हवा काढून टाका, तोंड बोटानं बंद करा, दट्ट्या पूर्ण जोरानं दाबा. दाबलेलं आणि न दाबलेलं पाणी दोन ग्लासांत शेजारी ठेवा.

आपल्या तलावात हा दाब आणायचा कुठून? कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव भातासाठीचे, उथळ. ५ मीटर पाणी धरलं तरी जास्तीचा दाब अर्ध्या वातावरणाचा. समुद्रातला रोबो इथे बुडी मारून चिखलातच रुतेल. ध्वनिलहरींनी शैवाल मारणारी उपकरणंही विकली जातात. नेदरलँड्सच्या संशोधकांनी कमी शक्तीची अशी उपकरणं तपासली तेव्हा शैवालावर त्यांचा परिणाम दिसला नाही.  

मग पृष्ठभागावरून शैवाल गोळा करणारा साधा, न बुडणारा रोबो? तो चालेल, पण हिशेब पाहा. शैवाल वाढतं ते खतातून आलेल्या फॉस्फरसवर. वाळलेल्या शैवालात तो साधारण १ टक्का असतो, आणि ओल्या शैवालात नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक पाणीच. म्हणजे १ टन ओलं शैवाल काढलं तर तलावातून फार तर १ किलो फॉस्फरस बाहेर गेला. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात सुमारे १० किलो फॉस्फरस असतो. बांध्यांमधून (भातखाचरांतून) एका पोत्याएवढं खत वाहून तलावात आलं, तर ते परत काढायला १० टन ओलं शैवाल उपसावं लागेल. म्हणून रोबोपेक्षा आधी धुरे (शेताचे बांध) नीट बांधा आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी डीएपी टाकू नका.

तरीही थर काढायचाच असेल तर वेळ सकाळची धरा. दिवसा प्रकाशात हे शैवाल कर्बोदकं साठवून जड होतं, रात्री ती खर्च करून हलकं होतं, म्हणून पहाटे ते वर असतं. वारा सुटायच्या आत, आदल्या संध्याकाळी वारा ज्या काठाकडे वाहत होता तिथे बारीक जाळी लावा. काढलेलं शैवाल जनावरांना घालू नका, त्यात यकृताला अपाय करणारं विष असू शकतं. ते तलावाच्या पाळीच्या (बांधाच्या) पलीकडच्या उतारावर खड्ड्यात पुरा, म्हणजे पावसाचं पाणी त्याला परत तलावात आणणार नाही.