एक्झिक्युट्रिक्स की ॲडमिनिस्ट्रेट्रिक्स?

इंग्रजी जाहीर नोटिशीत एखाद्या बाईच्या नावापुढे ‘एक्झिक्युट्रिक्स’ दिसलं की लोक तिला वारस समजून मोकळे होतात. ती वारस असेलही, पण शब्दाचा अर्थ तो नाही. मृत्युपत्र अमलात आणायचं काम मृताने जिच्यावर सोपवलं, ती एक्झिक्युट्रिक्स. पुरुष असेल तर एक्झिक्युटर. ‘ट्रिक्स’ हे लॅटिनमधलं स्त्रीलिंगी शेपूट, त्याने अधिकारात तसूभरही फरक पडत नाही. हल्ली बाईलाही सरळ एक्झिक्युटर लिहितात, मला तेच बरं वाटतं.

खरा घोळ होतो तो ‘ॲडमिनिस्ट्रेट्रिक्स’शी. दोघींचं काम सारखंच: येणी वसूल करा, देणी फेडा, उरेल ते ज्याचं त्याला द्या. पण एकीला मृताने नेमलेलं असतं, दुसरीला कोर्टाने.

समजा, एक काका वारले. मृत्युपत्रात एकच ओळ, ‘माझ्या पश्चात सगळं पत्नीला’. खाली सही, दोन साक्षीदार. काकू एक्झिक्युट्रिक्स झाल्या का? नाही. सगळं मिळणं वेगळं आणि कारभार बघायला नेमलं जाणं वेगळं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २२२ प्रमाणे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, मिळतं ते मृत्युपत्राने नेमलेल्या एक्झिक्युटरलाच. नेमणूक थेट शब्दांत नसली, पण मजकुरातून निघत असली तरी चालते. ‘पत्नीने माझी देणी फेडून बाकीचं मुलांत वाटावं’ असं काकांनी लिहिलं असतं, तर काकूंना प्रोबेट मागायला आधार होता. नुसत्या ‘सगळं पत्नीला’वर त्या कोर्टात गेल्या तर मिळेल ते मृत्युपत्र जोडलेलं प्रशासनपत्र (लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन), म्हणजे कारभार बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र. मृत्युपत्र हातात असूनही काकू ॲडमिनिस्ट्रेट्रिक्सच!

हा नुसता नावाचा फरक नाही. प्रशासनपत्र घेणारीला कलम २९१ खाली जामीनदारासह बंधपत्र, म्हणजे कारभार नीट करण्याची लेखी हमी, लिहून द्यावं लागतं, त्यामुळे जामीन राहायला कोणीतरी शोधणं आलं. प्रोबेट घेणारीला ते कलम लागत नाही. हिशेब मात्र दोघींनाही चुकत नाही: मालमत्तेची यादी ६ महिन्यांत, जमाखर्च वर्षभरात.

आणि मृत्युपत्रात नाव आहे, पण ही जबाबदारी नकोच असेल तर? न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सही करून लेखी नकार देता येतो. फक्त एकदा नाही म्हटलं की त्या मृत्युपत्राचं प्रोबेट तिला पुन्हा कधीच मागता येत नाही.