नोडने व्यवहार नाकारला म्हणजे पैसे बुडाले?

कॉलेज रोडच्या टपरीवर परवा पुन्हा तेच ऐकलं: बिटकॉइनच्या नोडने (म्हणजे त्याच्या नेटवर्कमधल्या एखाद्या संगणकाने) एरर दिली की पैसे गेलेच! साफ चूक. नोड आधी तपासतो, मगच व्यवहार पुढे पाठवतो. नाकारलेला व्यवहार त्याच्याकडून पुढे सरकतच नाही, त्यामुळे नाणी जागेवरच. माझ्या स्क्रीनवर एकदा ‘मिन रिले फी नॉट मेट’ आलं. अर्थ एवढाच, की फी कमी पडली. वाढवून पुन्हा सही केली, काम झालं. ‘मिसिंग ऑर स्पेंट’ आलं तर मात्र जरा थांबा: नाणी आधीच खर्च झालीत, किंवा तुमचा नोड अजून मागचे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) उतरवतोय. (नाशिकला लाइट जाऊन आली की माझं हे ठरलेलं.) आणि स्वीकारूनही अडकलेला व्यवहार? बिटकॉइन कोअर, म्हणजे नोड चालवायचं सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगनुसार 336 तासांनी तो आपल्या प्रतीक्षा यादीतून काढून टाकतं.