लॉस एंजेलिसमधील कोरियन कुटुंबजीवन व विवाह

लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक बुलेव्हार्डच्या आसपास १९७०च्या दशकात कोरियाटाउन उभे राहिले. अमेरिकेने १९६५च्या कायद्याने देशवार कोटा रद्द करून नातेवाइकांना बोलावून घेण्याची वाट मोकळी केली. आधी जोडपी व मुले, मग भावंडे, मग आईवडील, अशी घरेच्या घरे दक्षिण कोरियातून आली.

येणाऱ्यांत पदवीधर पुष्कळ होते, पण इंग्रजी अडले. त्यांनी किराणा, दारूविक्री, ड्रायक्लीनिंगची दुकाने टाकली. भांडवल अनेकदा ‘क्ये’तून उभे राही. ही आपल्या भिशीची सख्खी बहीण. नोकर परवडत नसे, म्हणून बायको गल्ल्यावर बसली आणि इथेच संसाराची घडी बदलली. मायदेशी मध्यमवर्गीय स्त्री लग्नानंतर बहुधा घर सांभाळी. इथे ती दिवसभर दुकानात राबून रात्री पुन्हा चुलीपुढे उभी राही. कमाई दोघांची झाली, घरकाम मात्र तिच्याच माथी राहिले. अनेक घरांतल्या भांडणांचे मूळ हेच होते. नातवंडे सांभाळायला आलेली ‘हाल्मोनी’, म्हणजे आजी, नसती तर कित्येक दुकाने चाललीच नसती.

लहानपणी आलेल्या मुलांना ‘दीड पिढी’ म्हणतात. बँकेत, दवाखान्यात आईवडिलांचे दुभाषी तीच. २९ एप्रिल १९९२ला दंगल पेटली. कोरियन लोक तिला ‘सा-इ-गू’, म्हणजे चार-दोन-नऊ, म्हणतात. दोन हजारांहून अधिक कोरियन दुकाने लुटली किंवा जाळली गेली. त्यानंतर विम्याचे कागद वाचून दाखवायचे कामही अनेक घरांत मुलांवरच आले.

सून-जावई कोरियनच हवेत, असा जुन्या पिढीचा आग्रह असतो आणि चर्च हे ओळखी जुळण्याचे मोठे ठिकाण आहे. तरीही इथे जन्मलेल्यांत आंतरवंशीय विवाह सर्रास होतात. पांढऱ्या गाऊनमधले लग्न उरकले की वधूवर हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, नेसून ‘प्येबेक’ या विधीला बसतात. वडीलधाऱ्यांना लवून नमस्कार, मग दारूचा पेला. वडीलधारी मंडळी सुकी बोरे आणि चेस्टनट उधळतात, नवी जोडी ती ताणून धरलेल्या कापडात झेलते. जितकी झेलली तितकी मुले, असा समज. पूर्वी हा मान फक्त वराकडच्यांचा होता. आता अमेरिकेत वधूचे आईवडीलही बऱ्याचदा त्याच आसनावर बसतात.