दहा स्त्रीबीजं, दोन भ्रूण

22 ऑगस्ट 2019 रोजी केनियातल्या ओल पेजेता अभयारण्यात नाजिन आणि फातू या दोन माद्यांना भूल दिली गेली. उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या जगात उरलेल्या या दोनच माद्या, त्याही मायलेकी. शेवटचा नर सुदान 2018च्या मार्चमध्ये मेला. गेंड्याचं अंडाशय शरीरात सुमारे दीड मीटर आत असतं आणि जवळून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. सुई जरा सरकली तर जनावर दगावायचं. बर्लिनच्या लायब्निझ संस्थेचे थॉमस हिल्डेब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या मदतीने गुदमार्गातून सुई नेऊन दोघींची पाच-पाच स्त्रीबीजं बाहेर काढली. ती विमानाने इटलीत, क्रेमोना इथल्या चेझारे गाल्ली यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली.

दहापैकी सात परिपक्व झाली. त्यांत मेलेल्या नरांचे गोठवून ठेवलेले शुक्राणू सोडले. हाती लागले दोन भ्रूण, दोन्ही फातूचे.

बातम्यांनी सुई आणि विमान रंगवलं. कस लागतो तो मात्र मधल्या टप्प्यात, स्त्रीबीज परिपक्व करण्यात.

बहुतेक सस्तन प्राण्यांत मादी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिच्या स्त्रीबीजांचं विभाजन सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबतं. मग ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. वयात आल्यावर संप्रेरकाची लाट आली, की निवडक स्त्रीबीजं पुन्हा जागी होतात, गुणसूत्रांचा अर्धा वाटा एका चिमुकल्या पेशीत टाकून देतात आणि शुक्राणूची वाट बघत पुन्हा थांबतात. एवढ्यानंही भागत नाही. भ्रूणाचे पहिले काही दिवस आईच्या साठ्यावरच निघतात, म्हणून पेशीरसात प्रथिनांची आणि ती घडवण्याच्या सूचना वाहणाऱ्या आरएनएची बेगमी व्हावी लागते. एक शुक्राणू शिरल्यावर दुसऱ्याला अडवणारे कणही पेशीच्या कडेला येऊन थांबावे लागतात. सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रं जागेवर दिसतात. आतली तयारी मात्र सहजी दिसत नाही. सगळं ठीक वाटणारं स्त्रीबीज फलनानंतर ढेपाळतं ते यामुळेच.

अंडाशयाबाहेर काढलं की स्त्रीबीज आपोआप जागं होतं, हे सशांवरच्या प्रयोगांतून 1935 सालीच कळलं होतं. माणसाच्या बाबतीत बारा तास पुरतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी तसं करून पाहिलं, तर बारा तासांनी काहीच घडलेलं नसायचं. ते थांबायला शिकले. माणसाच्या स्त्रीबीजाला छत्तीस-सदतीस तास लागतात, हे त्यांनी 1965 मध्ये मांडलं. पहिली टेस्ट ट्यूब बेबी त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मली. नोबेल मिळालेल्या या कामाचा पाया अशा कंटाळवाण्या वाट बघण्यात आहे, हे मला फार आवडतं.

गायीला साधारण चोवीस तास पुरतात. कुत्रीचं तर सगळंच न्यारं. तिचं स्त्रीबीज अंडाशयातून कच्चंच बाहेर पडतं आणि बीजवाहिनीत दोन-तीन दिवस काढून तयार होतं. त्यामुळे इतर प्राण्यांची कृती तिथे चालेना. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रीबीजं बीजवाहिनीत एक दिवस जास्त राहू दिली, द्रावणात मॅग्नेशियम घातलं, आणि 2015 मध्ये प्रयोगशाळेतल्या फलनातून पहिली पिल्लं जन्मली, सात. माणसांत हे साधून तोवर 37 वर्षं झाली होती. आपल्या ताडोबातला रानकुत्रा याच कुळातला. त्याच्यासाठी असं काही करायची वेळ आली, तर सुरुवात या पाळीव नातेवाइकापासूनच होईल.

गेंड्याचा नातेवाईक म्हणजे घोडा. गाल्ली यांच्या प्रयोगशाळेचा घोड्यांवर हात बसलेला होता. पहिला क्लोन घोडा 2003 मध्ये त्यांनीच जन्माला घातला. शिवाय उत्तरी गेंड्यांचे सख्खे भाऊबंद, दक्षिणी पांढरे गेंडे, हजारोंच्या संख्येत आहेत, त्यामुळे युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांवर आधी सराव करता आला. चुकायला परवडेल इतकी जनावरं आहेत तोवरच हे शिकून घ्यावं लागतं. नाजिन आणि फातूवर शिकत बसणं शक्यच नव्हतं.

पुढचा टप्पा सरोगेट मातेचा, कारण नाजिनचे मागचे पाय अधू आणि फातूचं गर्भाशय निकामी. 2023च्या सप्टेंबरमध्ये ओल पेजेतातच एका दक्षिणी मादीत दक्षिणीच भ्रूण सोडले गेले आणि गर्भ धरला. पण अतिवृष्टीनंतर जिवाणूसंसर्गाने ती मादी नोव्हेंबरात मेली. पोटातला नर गर्भ तेव्हा सत्तर दिवसांचा, 6.4 सेंटीमीटरचा होता. गेंड्याचा गर्भकाळ सोळा महिन्यांचा.

नाजिनला 2021 मध्ये या कामातून मोकळं केलं गेलं. आता स्त्रीबीजं देणारी फातू एकटीच. म्हणून जपानचे कात्सुहिको हायाशी यांची वाट वेगळी आहे. 2022 मध्ये त्यांच्या गटाने उत्तरी गेंड्याच्या मूलपेशींपासून, म्हणजे हव्या त्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून, स्त्रीबीज किंवा शुक्राणूच्या आधीच्या अवस्थेतल्या पेशी घडवल्या. उंदराची अख्खी स्त्रीबीजं त्यांनी 2016 मध्येच काचेच्या बशीत वाढवून दाखवली होती. तिथे त्यांना उंदराच्या गर्भातून घेतलेल्या अंडाशयाच्या पेशींची सोबत लागली होती. गेंड्यासाठी त्या आणायच्या कुठून?