ड्रॅगन क्वेस्ट (पहिला भाग) : प्रकाशनाचा इतिहास

ड्रॅगन क्वेस्ट हा एनिक्स या जपानी कंपनीने निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रासाठी २७ मे १९८६ रोजी प्रसिद्ध केलेला रोल-प्लेइंग प्रकारचा, म्हणजे नायकाची भूमिका घेऊन अनुभवाच्या गुणांनी त्याला बलवान करीत नेण्याचा, व्हिडिओ गेम. त्याची कथा, संवाद व मांडणी युजी होरी यांची, प्रोग्रामिंग कोइची नाकामुरा व त्यांच्या चुनसॉफ्ट या संस्थेचे, राक्षसांची व पात्रांची चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे आहे. घरगुती यंत्रावरील हा पहिलाच रोल-प्लेइंग गेम होय, असे विधान अनेकदा केले जाते; परंतु अमेरिकेत अटारी २६०० या यंत्रासाठी १९८२ मध्येच ड्रॅगनस्टॉम्पर हा त्या प्रकारचा गेम निघाला होता. तेव्हा, ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या संगणकावरील अमेरिकन गेमांची पद्धत सोपी करून ती जपानमधील घरोघरी पोहोचविणारा पहिला गेम, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

आरंभी खप मंद होता. होरी हे ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात व्हिडिओ गेमविषयी लिहीत असत व त्याच साप्ताहिकातील चित्रमालिकांमुळे तोरियामा घराघरांत परिचित होते; या प्रसिद्धीचा हळूहळू परिणाम होऊन जपानमधील खप १५ लाखांपलीकडे गेला. १९८६ च्या अखेरीस एमएसएक्स संगणकासाठीही आवृत्ती निघाली.

मूळ कॅसेटची क्षमता अवघी ६४ किलोबाइट होती आणि पहिल्या आवृत्तीची बहुतेक वैशिष्ट्ये या टंचाईतून आली आहेत. काताकाना या जपानी लिपीतील वीसच्या आसपासच अक्षरे ठेवून राक्षसांची व गावांची नावे तेवढ्यात बसविण्यात आली. पात्रांची पाठमोरी वा बाजूने दिसणारी चित्रे नसल्याने नायक कोणत्याही दिशेने चालला तरी त्याचे तोंड खेळणाऱ्याकडेच असे. म्हणून कोणाशी बोलायचे असल्यास आधी ‘बोल’ हा आदेश आणि मग उत्तर, दक्षिण, पूर्व की पश्चिम हे निवडावे लागे.

कॅसेटमध्ये प्रगती साठविण्याची सोय नव्हती. त्याऐवजी रादातोम किल्ल्यातील राजा ‘फुक्कात्सु नो जुमोन’, म्हणजे पुनरुज्जीवनाचा मंत्र, सांगत असे व तो कागदावर उतरवून पुढच्या वेळी जसाच्या तसा भरावा लागे. मंत्र हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीतील २० अक्षरांचा असून तो पाच, सात, पाच व तीन अशा गटांत मांडलेला असतो. प्रत्येक स्थानी ६४ अक्षरांपैकी एक येत असल्याने एका अक्षरात सहा बिट (शून्य किंवा एक अशी माहितीची सर्वांत लहान एकके) व संपूर्ण मंत्रात १२० बिट माहिती मावते. अनुभवाच्या गुणांना १६ व सोन्याच्या नाण्यांना १६, सोबतच्या आठ वस्तूंना ३२, चार अक्षरी नावाला २४, शस्त्र, चिलखत व ढाल यांना मिळून ८, औषधी व चावी यांच्या संख्येला ८ आणि काही निवडक घटनांच्या व वस्तूंच्या खुणांना ५ बिट दिलेले आहेत. उरलेल्या ११ पैकी ८ बिट पडताळणीसाठी आणि ३ बिट एकाच स्थितीचे निरनिराळे मंत्र तयार व्हावेत यासाठी वापरले आहेत. नायकाची पातळी व ताकद मंत्रात नोंदवावी लागत नाही, कारण पातळी अनुभवावरून ठरते आणि ताकदीच्या वाढीत नायकाच्या नावाचाही वाटा असतो. ‘हा’ आणि ‘बा’ या अक्षरांत फरक केवळ दोन बारीक रेघांचा. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचावर तो नजरेतून निसटला की मंत्र नाकारला जाई. तरीही जुन्या वहीत अचूक उतरविलेला मंत्र आजही त्या कॅसेटवर चालतो, हे पुढील काळातील, प्रगती साठविण्यासाठी आतल्या बॅटरीवर विसंबणाऱ्या कॅसेटींविषयी छातीठोकपणे सांगता येत नाही.

अमेरिकेत हा गेम निन्टेन्डोने स्वतः ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने प्रसिद्ध केला. ‘ड्रॅगनक्वेस्ट’ हे नाव तेथे १९८० पासून टेबलावर खेळावयाच्या एका खेळासाठी वापरात होते. प्रकाशनाचा महिना सर्वसाधारणपणे ऑगस्ट १९८९ असा दिला जातो. त्या काळी दुकानांत माल टप्प्याटप्प्याने पोहोचत असल्याने नेमक्या दिवसाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. या आवृत्तीला भाषांतर म्हणणे अपुरे आहे. कॅसेटची क्षमता ८० किलोबाइट झाली, पात्रे चालण्याच्या दिशेकडे तोंड करू लागली, मंत्राच्या जागी बॅटरीच्या आधाराने तीन नोंदी ठेवण्याची सोय आली आणि संवाद मुद्दाम जुन्या वळणाच्या इंग्रजीत लिहिले गेले.

ही आवृत्ती अमेरिकेत सपशेल पडली, असे मत रूढ आहे. शिल्लक राहिलेल्या कॅसेटी १९९० मध्ये ‘निन्टेन्डो पॉवर’ या मासिकाच्या वर्गणीदारांना मोफत देण्यात आल्या, हे त्याचे प्रमाण म्हणून सांगितले जाते. छपाई मागणीच्या मानाने फार झाली होती, हे खरे. परंतु या योजनेतून सुमारे पाच लाख वर्गणीदार मिळाल्याचे सांगितले जाते, आणि त्यानंतर एनिक्सने अमेरिकेत आणखी तीन भाग स्वतः प्रसिद्ध केले. हे पाहता अपयशाचे वर्णन काहीसे अतिरंजित वाटते. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हे मूळ नाव अमेरिकेत आठव्या भागापासून, म्हणजे २००५ मध्ये, रूढ झाले.

पुढील आवृत्त्या बहुधा दुसऱ्या भागासह निघाल्या. सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रावरील जोड आवृत्ती (१८ डिसेंबर १९९३) जपानबाहेर गेली नाही. गेम बॉयवरील जोड आवृत्ती जपानमध्ये सप्टेंबर १९९९ मध्ये व अमेरिकेत पुढील वर्षी आली. उपग्रहावरून प्रसारित झालेली १९९८ ची आवृत्ती आणि २००४ ची मोबाइल फोनवरील आवृत्ती जपानपुरत्याच होत्या. २०११ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त निन्टेन्डोच्या वी (Wii) यंत्रासाठी निघालेल्या संग्रहात फॅमिकॉम व सुपर फॅमिकॉम अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी दिल्या होत्या, म्हणून तुलनेसाठी तो विशेष उपयुक्त आहे. स्मार्टफोन आवृत्ती जपानमध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये व इंग्रजीत सप्टेंबर २०१४ मध्ये निघाली. युरोपला हा गेम अधिकृतपणे त्याच वेळी प्रथम मिळाला. निन्टेन्डो स्विचवर तो जपानबाहेर सप्टेंबर २०१९ मध्ये आला.

पहिल्या दोन भागांची नव्याने घडविलेली आवृत्ती ३० ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. कथाक्रमात तिसरा भाग आधीचा असल्याने त्याची नवी आवृत्ती त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, काढण्यात आली होती. मूळ गेममध्ये एका वेळी एकाच शत्रूशी गाठ पडे. २०२५ च्या आवृत्तीत नायक एकटाच ठेवला असून शत्रू मात्र टोळीने येतात.