‘घाटी’ या शब्दामागचा डोंगर आणि पाऊस

मुंबईत ‘घाटी’ म्हणजे अडाणी, गावंढळ, चारचौघांत कसं वागावं ते न कळणारा. गोव्यातही हा शब्द हिणवण्यासाठीच निघतो. मुळात मात्र तो निव्वळ पत्ता आहे.

संस्कृत ‘घट्ट’पासून ‘घाट’ आला. नदीत उतरायची जागा तो घाट, तशीच डोंगर उतरायची वाटही घाट: बोरघाट, थळघाट, आंबोली. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोकण्याला वरचा माणूस ‘घाटावरचा’, म्हणून घाटी.

ही माणसं घाट उतरून मुंबईला का आली? एक मोठं कारण पावसात आहे. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, हवा थंडावते, बाष्पाचे ढग होतात आणि बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर कोसळतं. पलीकडे उतरताना तीच हवा तापून कोरडी होते. ही पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, ५०० च्या आसपास. तिथे जिराईत ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्याचं एक वर्ष कोरडं गेलं की घरातलं कुणीतरी बाहेर पडणारच. १८७६-७८ चा दुष्काळ तर माणसं मारणारा होता.

तोवर मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि १८६३ पासून बोरघाटातून रेल्वे धावत होती. देशावरची माणसं गिरण्यांत, गोदीत, हमालीत, घरकामात शिरली. (कोकणातूनही पुष्कळ आली, पण ती अर्थातच घाटी नव्हेत.) गुजराती घरांत तर ‘घाटी’चा अर्थच घरगडी असा रुळला.

शब्दाचा अर्थ असा घसरतो त्याला भाषाशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात. इंग्रजीतला ‘व्हिलन’ही मूळचा शेतवाडीवर राबणारा कुणबीच, मालकवर्गाच्या तोंडी तो हलकट झाला. अंगमेहनत करणाऱ्यांच्या नावांवर हा अन्याय फार होतो, आणि ‘घाटी’च्या बाबतीत तर शहराचं ओझं वाहिलेल्यांवरच झाला, हे मला अतिशय खटकतं.

शब्दाचा स्वतःचा यात काही दोष नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. तिथे ‘आजीला घाटीत ॲडमिट केलंय’ यात हिणवण्याचा लवलेश नसतो.